सीईए टेस्ट म्हणजे काय? आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच असतो का?

'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये हल्ली 'ट्यूमर मार्कर' नावाच्या रक्त तपासण्याही असतात. सीईए ही त्यातलीच एक. या नावापुढचा आकडा ठळक अक्षरांत छापून आला की घरात सगळ्यांचं धाबं दणाणतं. आकडा नॉर्मल आला, तर 'कॅन्सर नाही' असं समजून लोक निर्धास्त होतात. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे ठरू शकतात.

सीईए नेमकं काय असतं?

सीईए म्हणजे कार्सिनोएम्ब्रियॉनिक अँटिजेन. पेशींना एकमेकींशी चिकटून राहायला मदत करणाऱ्या प्रथिनांच्या कुटुंबातलं हे एक प्रथिन आहे. 1965 मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी ते शोधलं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठींमध्ये आणि गर्भाच्या आतड्यात ते सापडलं, म्हणून कॅन्सर आणि गर्भ या दोन्हींचा उल्लेख त्याच्या नावात आला. निरोगी माणसाच्या शरीरातही ते थोड्या प्रमाणात असतं, हे पुढे लक्षात आलं.

निरोगी आतड्यात हे प्रथिन पेशींच्या पोकळीकडच्या बाजूला असतं आणि मलावाटे बाहेर पडतं. कॅन्सरमध्ये पेशींची ही मांडणी बिघडते. मग ते रक्तात उतरू लागतं.

आकडा किती असावा?

साधारणपणे धूम्रपान न करणाऱ्यांमध्ये दर मिलिलिटर रक्तामागे 3 नॅनोग्रॅमपर्यंत आणि करणाऱ्यांमध्ये 5 नॅनोग्रॅमपर्यंतचा आकडा नॉर्मल मानतात. लॅबनुसार ही मर्यादा थोडी बदलते.

विडी-सिगारेट, लिव्हर सिरॉसिस, कावीळ, स्वादुपिंडाची सूज, आतड्याची जुनाट सूज अशा कारणांनीही सीईए वाढतं. दुसरीकडे, मोठ्या आतड्याचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असताना अनेकांचं सीईए नॉर्मल असतं. काही गाठी तर ते फारसं तयारच करत नाहीत. म्हणून लक्षणं नसलेल्या माणसात कॅन्सर शोधण्यासाठी ही टेस्ट वापरू नये, असं तज्ज्ञ संस्थांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

मग ही टेस्ट कशासाठी?

निदान झाल्यानंतर हीच टेस्ट खूप कामाची ठरते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होण्याआधी सीईए मोजून ठेवतात. गाठ पूर्ण निघाली असेल, तर वाढलेला आकडा साधारण 4 ते 6 आठवड्यांत खाली येतो. त्यानंतर पहिली काही वर्षं डॉक्टर ठरावीक महिन्यांनी ही टेस्ट सांगतात. आकडा पुन्हा चढू लागला, तर आजार परतल्याची ती पहिली खूण असू शकते. त्यामुळे एका रिपोर्टपेक्षा ओळीने आलेल्या रिपोर्टमधला चढ-उतार महत्त्वाचा असतो. शक्यतो प्रत्येक वेळी एकाच लॅबमध्ये टेस्ट करावी, कारण लॅबची पद्धत बदलली तर आकड्यातही फरक पडू शकतो.

कॅन्सर लवकर कसा सापडतो?

याचं उत्तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या कामात दिसतं. मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर आणि चिपळूण तालुक्यातल्या डेरवणचं बी. के. एल. वालावलकर रुग्णालय यांनी मिळून गावोगावच्या लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी केली आहे. या तपासण्या साध्या असतात. तोंडात चट्टा किंवा न भरणारी जखम आहे का ते पाहतात, स्तनांची हाताने तपासणी करतात आणि गर्भाशयमुखावर व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिड लावून रंग बदलतो का ते बघतात.

मुंबईतल्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख महिलांवर टाटा मेमोरियलने केलेल्या अभ्यासात ॲसिडच्या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. केंद्र सरकारच्या कार्यक्रमातही 30 वर्षांवरील लोकांसाठी याच तीन कॅन्सरची तपासणी आहे.

रिपोर्ट वाढलेला आला तर काय करायचं?

घाबरून जाऊ नका, पण रिपोर्ट बाजूलाही टाकू नका. तो डॉक्टरांना दाखवा. धूम्रपान, जुने आजार आणि सुरू असलेली औषधं सांगा. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा, कारण त्यामुळे काही मशीनवर आकडा चुकू शकतो. गरज वाटली तर डॉक्टर टेस्ट पुन्हा करायला सांगतील.

शौचातून रक्त जाणं, शौचाची सवय अचानक बदलणं, कारण नसताना वजन घटणं यातलं काही होत असेल, तर सीईए नॉर्मल असलं तरी डॉक्टरांकडे जा. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं निदान कोलोनोस्कोपी आणि बायोप्सीनेच पक्कं होतं, सीईएच्या आकड्यावरून नाही.