मामाची बाजरी आणि दांडेकरांचं गणित

कारेगाव म्हटलं की तुम्हाला रांजणगाव एमआयडीसी आठवते. मला मामाची मुरमाड जमीन आठवते. एक रुपयात पीक विमा होता तेव्हाची गोष्ट. पावसानं दडी मारली, मामाची बाजरी भरलीच नाही. विम्याचे पैसे? शून्य. मामा म्हणाला, "तू इंजिनियर ना? मग सांग, माझं नुकसान कुणाला दिसलंच कसं नाही?"

उत्तर शोधत मी 50 वर्षं मागे गेलो.

1972 मध्ये महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता. त्याच सुमारास गुजरातमध्ये एच-4 कापसाचा विमा सुरू झाला, पुढे इतर काही पिकांचाही. नुकसान शेतकरीनिहाय मोजायचे. 1978-79 पर्यंत शेतकरी आले फक्त 3,110. हप्ता जमला 4.54 लाख रुपये, भरपाई गेली 37.88 लाख! हा धंदा टिकणार कसा?

पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी 1976 मध्ये वेगळी वाट मांडली: एकेक शेत नको, अख्खा परिसर मोजा. दुष्काळ आला तर सगळ्यांवरच येतो. तपासणीचा खर्च कमी, लबाडीला वाव कमी. 1979 मध्ये त्यावर प्रायोगिक योजना आली, 1985 मध्ये देशव्यापी. 2016 च्या पंतप्रधान पीक विमा योजनेचा पायाही तोच.

आता शब्द समजून घेऊ. विमा संरक्षित रक्कम म्हणजे जास्तीत जास्त किती मिळू शकतं. हप्ता म्हणजे त्यासाठी आपण भरतो ते. बाजरीसारख्या खरीप धान्याला जास्तीत जास्त 2 टक्के. उंबरठा उत्पादन मागच्या 7 पैकी चांगल्या 5 वर्षांच्या सरासरीवरून ठरतं. समजा ते 1,000 किलो आहे आणि मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांत सरासरी 800 निघाली. तूट 20 टक्के, म्हणजे 30,000 च्या विम्यावर 6,000 मिळणार.

पण मंडळात विहीर-कॅनॉलवाल्यांची बाजरी चांगली आली, की सरासरी उंबरठ्याच्या वर. मामाचं रिकामं कणीस त्या सरासरीत बुडालं.

2025 च्या खरिपापासून एक रुपया गेला. गारपीट, अतिवृष्टीसारख्या स्थानिक आपत्तीची वेगळी भरपाईही राज्यानं काढली. त्या खरिपात बाजरीसाठी उरला फक्त कापणी प्रयोग. म्हणून यंदा हप्ता भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: आपल्या मंडळाचं उंबरठा उत्पादन किती, आणि कापणी प्रयोग कुठल्या शेतात?

मामाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे विमा माझा नव्हताच, मंडळाचा होता."

बरोबर, मामा. फक्त हे आधी कुणी सांगायला हवं होतं.