भुलाबाईचा महिना अन् सोयाबीनची सोंगणी

मोताळा तालुक्याचा इतिहास शोधायला बसलं की आधी रोहिणखेड सापडतं. १४३७ साली खानदेशचा नासिरखान फारुकी वऱ्हाडात घुसला, तेव्हा बहमनी फौजेनं त्याला इथंच हरवलं. पुढं १५९० च्या सुमारास निजामशाहीच्या भाऊबंदकीत जमालखान इथंच पडला. हे सगळं नीट लिहून ठेवलेलं आहे. पण त्याच रोहिणखेडात, बोराखेडीत, धामणगाव बढ्यात, पिंपळगाव देवीत लेकरं कशी वाढली, दिवस मावळल्यावर त्यांच्याजवळ कोण बसायचं, त्यांना खाऊ काय मिळायचा, हे शोधायला जा. हाताला काही लागत नाही.

म्हणून मंडळी, आज लढाया बाजूला ठेवू. एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या गल्लीत शेवटची भुलाबाई कोणत्या साली बसली होती?

ज्यांच्या घरात लहान लेकरं आहेत त्यातल्या बऱ्याच तरुण आईबापांना भुलाबाई म्हणजे काय हेच सांगावं लागेल, म्हणून थोडक्यात सांगतो. भाद्रपद पौर्णिमेला मातीची भुलाबाई अन् भुलोजी घरात बसवायचे. भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर. भिल्लिणीच्या रूपातल्या पार्वतीला शंकर भुलला, म्हणून हे नाव, असं जुनी माणसं सांगतात. काही ठिकाणी भुलाबाईच्या मांडीवर लहानगा गणपतीही असतो. तिथून कोजागरीपर्यंत, महिनाभर, रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन या घरून त्या घरी जायच्या, गाणी म्हणायच्या. पुण्या-साताऱ्याकडं भोंडला किंवा हादगा असतो, त्याची ही आपल्याकडची बहीण. तिकडं हस्त नक्षत्र अन् हत्तीचं चित्र, इकडं जोडप्याची मूर्ती. शेजारच्या जळगावकडं हिलाच गुलाबाई म्हणतात.

खरी गंमत गाण्यांनंतर. घरच्या बाईनं खिरापत डब्यात झाकून ठेवलेली असायची. ती ओळखायची. डबा कानाशी धरून हलवायचा. खुळखुळ वाजला तर फुटाणे नाही तर शेंगदाणे. वाजलाच नाही तर लाडू, शिरा. मग सवाल सुरू. गोड का तिखट? तळलेलं का भाजलेलं? ओळखता आलं नाही की त्या घरची पोरगी ऐटीत नाव सांगायची. खिरापत महाग कधीच नव्हती. मुरमुरे, गूळ-शेंगदाणे, काकडीची कोशिंबीर, फार तर शंकरपाळे. महत्त्व होतं ते न ओळखता येणाऱ्या पदार्थाला. म्हणून आज काय करायचं हे मायलेकी दुपारपासून कुजबुजत ठरवायच्या. घरात दोघींचं एक गुपित असायचं, अन् ते बारक्या भावानं फोडू नये म्हणून त्याला आधीच मूठभर द्यावं लागायचं. लेकरासोबत वेळ घालवा असं आता तज्ज्ञ सांगतात. तो वेळ म्हणजे नेमकं काय, हे मला तरी त्या डब्याइतकं नीट दुसऱ्या कशात दिसत नाही.

पण या खेळाला एक दुखरी बाजू आहे, ती गाळून कौतुक करणं खोटं होईल. भुलाबाईची गाणी नीट ऐका. त्यात सासू आहे, नणंद आहे, माहेरी जायची परवानगी मागणं आहे, डोहाळे आहेत, बाळंतपण आहे, बारसं आहे. सात-आठ वर्षांच्या पोरींच्या तोंडी हे कुठून आलं? आलं, कारण त्यांच्या वाट्याला ते दोन-चार वर्षांत येणारच होतं. इंग्रजांच्या राज्यात १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला तेव्हा वय दहावरून बारा करायलाही देशभर केवढं वादळ उठलं! शारदा कायदा १९२९ चा, त्यात मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा. अठरा व्हायला १९७८ उजाडलं. म्हणजे आपल्या पणज्यांचं बालपण मोजून आठ-दहा भुलाबायांचं. पहिल्या दोन-तीन तर आईच्या कडेवर गेलेल्या. आपल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषांना जाब विचारला होता. ते पुस्तक अन् ही गाणी एकाच मातीतली आहेत. एकीनं सरळ भांडण मांडलं, दुसऱ्या टिपऱ्यांच्या ठेक्यावर तेच बोलत राहिल्या. त्या महिन्याचा एकेक दिवस आया जपून का घालवायच्या, ते मला इथं समजतं. पुढच्या वर्षी ही पोर आपल्या अंगणात असेल का, याची खात्री नसायची.

मग भुलाबाई गेली कुठं?

विचारलं की उत्तर तयार असतं: टीव्ही आला, मोबाइल आला, आताच्या बायांना हौस राहिली नाही. टीव्ही-मोबाइलचं खरं आहे, पण अर्धंच. आताच्या बायांना नावं ठेवणं तर मला साफ अमान्य आहे. माझं बोट शेताकडं आहे.

भुलाबाई भाद्रपद पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, म्हणजे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर. आपल्याकडं जुना पेरा जवारी, कपाशी अन् तुरीचा. मूग-उडीद बहुतेक तोवर निघून जायचे. जवारी उभी असायची, कणीस भरत असायचं. कपाशीची वेचणी जोरात यायची ती पुढं, दसरा-दिवाळीच्या आसपास. म्हणजे हा महिना वर्षातला त्यातल्या त्यात मोकळा. दिवस मावळायच्या आत बाया घरी असायच्या. १९८० नंतर विदर्भात सोयाबीन हळूहळू पसरलं अन् पुढं त्यानं जवारीची जागा घेतली. सोयाबीनची सोंगणी कधी येते? नेमकी याच महिन्यात. शेंग तडकायच्या आत, परतीचा पाऊस गाठायच्या आत पीक काढायचं असतं. एक दिवस चुकला की सगळं पाण्यात. पहाटे डबा बांधून गेलेली माय अंधार पडल्यावर येते, कंबर मोडून येते. तिनं कोणत्या वेळी खिरापत करावी? मग मका आहेच मागं उभा.

अन् दुसरी गोष्ट पाहा. कोजागरीला भुलाबाईला जवारीच्या पाच धांड्यांचा मखर लागतो. आता बांधावरून पाच धांडे आणायचे म्हटलं तरी कुणाच्या वावरात जवारी पेरली आहे, हे आधी विचारत फिरावं लागतं. पीक बदललं तसं देवीचं घरही गेलं.

असं आधीही एकदा झालं आहे. जात्यावरच्या ओव्या आठवा. पहाटे दळताना माय ओवी म्हणायची अन् मांडीवर डोकं ठेवून लेकरू झोपलेलं असायचं. ओवीवर कुणी बंदी घातली नव्हती. गावात पिठाची चक्की आली, बायांचे हात सुटले, फार चांगलं झालं. पण दळायची वेळ गेली तशी ओवीही गेली. हेमा राईरकर अन् गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या म्हणून त्या निदान वाचल्या तरी. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतर्फे असंच केवढं तरी काम करून ठेवलं. आपल्या तालुक्यातल्या भुलाबाईच्या गाण्यांसाठी वही घेऊन कोण बसलं?

संध्याकाळच्या त्या तासाचं मोल ज्यांना नेमकं कळलं होतं त्यात साने गुरुजी आहेत. अमळनेर आपल्यापासून काही फार लांब नाही. तिथल्या शाळेत ते शिकवायचे, वसतिगृहातली पोरं सांभाळायचे. 'श्यामची आई' त्यांनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत लिहून काढली. पुस्तकाची मांडणी पाहा: प्रकरणांना नावच 'रात्र'. दिवसभराची कामं आटोपल्यावर मंडळी बसतात अन् श्याम सांगतो. सांगतो काय, तर पाण्यात उडी मारायची भीती, पायाला घाण लागू नये म्हणून केलेला हट्ट. त्यातल्या आईनं मोठं असं काय केलं? रोजच्या बारक्या गोष्टी लेकरासोबत केल्या, बस. त्या घरात पैसा नव्हता, पुढं तर कर्जच झालं. पण संध्याकाळ होती.

आता यावर कुणी म्हणेल, गेलं ते गेलं, मढं कशाला उकरता? तर एक सांगतो. आपण ज्यांना पिढीजात म्हणतो त्या चाली कुणीतरी, कधीतरी सुरूच केलेल्या असतात. नागपूरकडं लेकरांचा तान्हा पोळा मोठा. लाकडी बैल घेऊन पोरं मिरवतात. तो दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ साली सुरू केला असं सांगतात. आधी मोठ्यांचा पोळा होता, कुणाला तरी वाटलं की लेकरांनाही त्यांच्या उंचीचा बैल पाहिजे. अंगणवाडीचंही तसंच. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत काम मांडलं तेव्हा लेकरं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. शंख-शिंपले, पानं-फुलं, जे गावात मिळेल त्यावर शिकवलं. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू झाली अन् अंगणवाडी देशभर गेली. आज आपल्या गल्लीगल्लीत ती आहे. गाणी येणारी ताई तिथं आहे, लेकरं आहेत, अन् दुपारचा तास सोंगणीच्या दिवसांतही मोकळा आहे.

भुलाबाई संध्याकाळचीच पाहिजे असं कुठं लिहिलंय? अंगणवाडीत दुपारी बसली तर काय बिघडतं? सेविकांवर कामाचा केवढा बोजा आहे हे मला माहीत आहे, वजन-उंची घेणं अन् मोबाइलवर माहिती भरणं यातच त्यांचा दिवस जातो. त्यामुळं हे त्यांच्यावर आणखी एक काम म्हणून ढकलू नका. गल्लीतल्या दोन आज्या नेऊन बसवा, खिरापतीचा डबा पाळीपाळीनं घरून द्या. अन् पोरांनाही घ्या. डबा ओळखायला पोरगीच असली पाहिजे असं काही नाही. गाणी म्हणताना लेकरांनी विचारलं, सासू एवढी वाईट का, तर खरं सांगा, की तेव्हा नवरी तुझ्याएवढीच असायची.

नगरपंचायतीच्या कारभाऱ्यांनाही एक विनंती. महोत्सव, बॅनर, बक्षीस समारंभ नको. त्यानं भुलाबाई स्टेजवर जाते अन् ओट्यावरून उठते. गल्लीतले दिवे तेवढे संध्याकाळी चालू ठेवा, म्हणजे पोरी या घरून त्या घरी जाऊ शकतील.

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळं सण सगळे पुढं सरकतात. भाद्रपद पौर्णिमा २६ सप्टेंबरला येते अन् कोजागरी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. पाऊस नीट राहिला तर सोयाबीन तोवर बरंचसं घरात आलेलं असेल, निदान शेवटचे आठ-दहा दिवस तरी बाया संध्याकाळी ओट्यावर असतील. ज्यांच्याकडं बांधाला चार तासं जवारी टाकता येण्यासारखी आहे त्यांनी पेरणीच्या वेळी लक्षात ठेवा, धांडे सगळ्या गल्लीला पुरतील. अन् ज्यांच्या आजीला गाणी येतात त्यांनी ती मोबाइलवर रेकॉर्ड करून इथं खाली टाका, सोबत आजीचं माहेर कोणतं तेही लिहा. गाणं बहुतेक तिथलंच असतं.