घरांतील सुतारखोली

गेल्या वर्षीं चैत्रांत बदलापुरांतील आमच्या घराच्या मागील पडवीला मीं दोन बाजूंनीं पत्रे लावून घेतले, आंत जाड सागवानी फळीचें एक मेज बसविलें, भिंतीवर करवत, रंधा, पटाशा, गुण्या हीं हत्यारें टांगलीं, आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं सुतारकाम शिकावयास बसलों. 'बसलों' हें क्रियापद येथें चुकीचें आहे. 'उभा राहिलों' असें म्हटलें पाहिजे. या दोन क्रियापदांमध्यें किती इतिहास दडलेला आहे याची मला तेव्हां कल्पना नव्हती. शेजाऱ्यांनीं या उद्योगाकडे कौतुकानें पाहिलें. माझ्या मातोश्री मात्र भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आपल्या घरांत हीं हत्यारें कधीं नव्हतीं."

वाक्य साधें होतें, पण इतिहासाच्या अध्यापकाला तें बोंचलें. आमच्या घराण्यांत पोथ्या होत्या, तबल्याची जोडी होती, पुढें कॅमेरा आला, सायकलीचें पंक्चर काढण्याचें साहित्यही आलें. पण चार पिढ्यांत करवत आली नाहीं. जें होतें त्याचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. जें नव्हतें तें कां नव्हतें, हेंही कोणी तरी विचारावयास नको काय?

याचें पहिलें उत्तर कोणासही सुचेल. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं 1915 सालीं प्रसिद्ध केलेल्या 'गांवगाडा' या ग्रंथांत बलुतेदारांची जी व्यवस्था वर्णिली आहे, तींत सुतार हा पहिल्या कासेंतला, म्हणजे मोठ्या हक्काचा, बलुतेदार. नांगर, कुळव, पाभर, गाडी यांची दुरुस्ती त्यानें वर्षभर करावी आणि सुगीला खळ्यावरून आपला वांटा न्यावा. अशा गांवांत दुसऱ्यानें रंधा हातीं घेण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. तो त्याच्या हक्कावर आलेला घाला ठरला असता. शिवाय हत्यारें आजच्यासारखीं दुकानांत मांडलेलीं नसत. पातें लोहार घडवी, दांडा व मूठ सुतार स्वतःच्या हातानें करी, आणि हत्यार बापाकडून मुलाकडे जाई. हें सारें खरें आहे. पण शहरांतील सुशिक्षितांच्या घरांना तें लागू पडत नाहीं. ते बलुत्याच्या बंधनांतून केव्हांच सुटले होते, तरीही रंधा त्यांच्या घरीं आला नाहीं. तेव्हां कारण हक्काचें नव्हे, अहंकाराचें आहे, असें मला वाटूं लागलें आहे. आम्हीं लेखणी हातीं घेतली, आणि हत्यार हें दुसऱ्याच्या हातांत शोभतें असें ठरवून टाकलें.

दुसरें कारण घराच्या मांडणींत आहे. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या घराला लांकडी सामान लागे तें किती? पाट, चौरंग, देव्हारा, पाळणा, क्वचित् झोंपाळा. उरलेल्या सामानाचीं नांवें पाहा: अलमारी, बिजागरी, चावी, पिंप. हे सारे शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेले आहेत. ज्या वस्तूला आपला शब्द नाहीं ती वस्तु आपल्या घरांत उशिरां आली, असा तर्क करण्यास हरकत नसावी. (खुर्ची मात्र अरबी आहे, म्हणजे तिनेंही दुसऱ्याच कोणाचें दार ठोठावून प्रवेश केला.)

आमच्या या पट्ट्याचा आणि त्या पोर्तुगीजांचा लांकडाच्याच निमित्तानें एक जुना संबंध आहे, आणि तो मुद्दाम सांगण्यासारखा आहे. 1657 च्या ऑक्टोबरांत शिवाजी महाराजांनीं कल्याण व भिवंडी घेतली आणि लवकरच तेथील खाडीवर गलबतें बांधण्यास प्रारंभ केला. सागवान जवळच्या रानांत होतें, खाडी दाराशीं होती. उणीव होती ती लढाऊ जहाजें बांधण्याच्या अनुभवाची. तो रुय लैतांव व्हिएगस या पोर्तुगीजाकडून व त्याच्या माणसांकडून मिळविण्यांत आला. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना हें रुचण्याजोगें नव्हतें, आणि 1659 च्या सुमारास ते कारागीर काम सोडून निघून गेले. काम मात्र थांबलें नाहीं. आरमार वाढलें, याचा अर्थ येथील सुतारांनीं त्या थोड्या अवधींत पाहून घ्यावयाचें तें पाहून घेतलें होतें. या सुतारांचीं नांवें कोणीं लिहून ठेवलीं नाहींत. व्हिएगसाचें नांव कागदांत आहे. कागद लिहिणारे कोण होते हें लक्षांत घेतलें म्हणजे त्याचें नवल वाटत नाहीं.

त्यानंतरची मोठी घडामोड अंबरनाथची. अंबरनाथ म्हटलें कीं इतिहासाचा अभ्यासक शके 982, म्हणजे इसवी सन 1060, मधील शिलाहारांच्या शिवालयाकडे वळतो, आणि तें योग्यच आहे. पण लांकडाच्या इतिहासांत तेथील आगपेट्यांचा कारखाना अधिक महत्त्वाचा. 1922 सालीं सरकारनें परदेशी आगपेट्यांवरील जकात ग्रोसला दीड रुपया केली. तेव्हां बाहेरून माल आणण्यापेक्षां येथेंच करणें किफायतशीर ठरलें, आणि स्वीडनमधील आगपेटी-व्यापाऱ्यांनीं 1923 सालीं वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी काढून अंबरनाथला कारखाना उभारला. ओंडका यंत्रावर फिरवून त्याचा कागदासारखा पातळ पापुद्रा सोलावयाचा, त्याच्या काड्या कापावयाच्या, त्या मेणांत बुडवून टोंकांना रसायन लावावयाचें, असा हा उद्योग. सांवरीसारखें मऊ लांकूड, जें सुतार हातांत धरावयास राजी नसे, तें या यंत्राला फार मानवलें. ज्याच्या साम्राज्याचा हा कारखाना एक लहानसा भाग होता, तो इव्हार क्रूगर यानें 1932 च्या मार्चांत पॅरिसमध्यें स्वतःवर गोळी झाडून घेतली. आणि आज अंबरनाथला तो कारखानाही नाहीं, केवळ विम्को नाका हें नांव रिक्षावाल्यांच्या तोंडीं राहिलें आहे.

परंतु त्याच स्वीडनमधून जगाला दुसरीही एक वस्तु मिळाली होती, आणि दुर्दैवानें ती अंबरनाथला उतरली नाहीं. गॉथेनबर्गजवळील नेस येथें ओटो सालोमन यानें 1870 नंतरच्या दशकांत शिक्षकांसाठीं हस्तव्यवसायाची शाळा चालविली. तिच्या पद्धतीला 'स्लॉइड' म्हणत. मुलानें प्रथम साध्या चाकूनें काम करावें, सोप्याकडून अवघडाकडे जावें, जी वस्तु करील ती घरांत उपयोगी पडणारी असावी, आणि शिक्षकानें मुलाच्या कामाला स्वतःचा हात लावूं नये. या शेवटच्या नियमाचें मला फार अप्रूप वाटतें; आम्हां अध्यापकांना तो पाळणें किती जड जाईल! मूल उभें राहून काम करील, त्याची पाठ वांकणार नाहीं, याकडे सालोमनचें बारीक लक्ष असे. म्हणून कामाचें मेज आणि त्याला लावलेला शेगडा हीं त्याच्या शाळेचीं मुख्य साधनें होतीं. पुष्कळ देशांचे शिक्षक तेथें शिकून गेले.

आपल्याकडे हा विचार आला नाहीं असें नाहीं. सयाजीराव महाराजांनीं 1890 सालीं बडोद्यास कलाभवन काढलें व तें त्रिभुवनदास गज्जर यांच्या हातीं दिलें. दादासाहेब फाळके यांनीं तेथें शिक्षण घेतलें होतें. पुढें 1937 च्या ऑक्टोबरांत वर्ध्याच्या परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें जो अभ्यासक्रम आंखला, त्यांत सूतकताईबरोबर सुतारकामालाही मूलोद्योग म्हणून स्थान होतें. पण सुशिक्षित पालकांना त्यांत आपलीं मुलें मागें ओढलीं जाण्याची भीति दिसली. टकळी तरी देशभक्तीच्या नांवाखालीं दिवाणखान्यांत शिरली. करवतीला तेवढेंही भाग्य लाभलें नाहीं.

आतां उल्हासनगराकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्करी छावणी उभारली गेली होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत लाखाच्या आसपास सिंधी निर्वासित येऊन राहिले, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें तेथें नव्या नगराचा पाया घातला गेला. आलेल्यांत व्यापारी पुष्कळ, लेखणीचा व्यवसाय करणारेही पुष्कळ. आमच्याच वर्गाचे म्हणावेत असे हे लोक. त्यांनीं काय केलें? मिळेल तो धंदा केला. बराकीच्या एका खणांत संसार आणि दुसऱ्या खणांत कारखाना मांडला. घर आणि कार्यशाळा यांमधील भिंत त्यांनीं ठेवली नाहीं, कारण ती ठेवण्याइतकी जागाच त्यांना नव्हती. आज तेथील फर्निचर बाजारांत लोक दुरून येऊन पलंग व कपाटें घेऊन जातात. दुकान बहुधा सिंध्यांचें, हात बहुधा उत्तरेकडून आलेल्या सुतारांचे, हें खरें. तरी मालकालाही फळीवर बोट फिरवून ती कच्ची कीं पक्की हें सांगतां येतें. आमच्यापैकीं कितीजणांना सांगतां येईल?

माझें स्वतःचें अज्ञान लौकरच उघडें पडलें. एका दुकानांतून मीं पटाशांचा चकचकीत संच आणला. पहिल्याच भोकाला त्यांची धार मुडपली. अखेर त्याच बाजारांतील एका वयस्क सुताराला घरीं बोलावलें. त्यानें पटाशी निसण्यावर घांसून घांसून अशी केली कीं मनगटावरचा केस उतरावा. मग माझ्या मेजाकडे पाहून तो हंसला, फळी घेऊन जमिनीवर बसला, दोन्ही पायांच्या तळव्यांत ती घट्ट धरली आणि रंधा मारूं लागला. ज्या शेगड्यासाठीं मीं महिनाभर खटपट केली होती तो त्याच्या पायांत जन्मतःच होता. सालोमननें हें पाहिलें असतें तर पाठीच्या कण्याविषयीं तो कांहीं तरी बोलला असता. फळीच्या सपाटपणाविषयीं मात्र त्याला बोलतां आलें नसतें.

त्याच सुमारास आमच्या महाविद्यालयांतील एक विद्यार्थी पुस्तक परत द्यावयास आला. हत्यारांसमोर तो गप्प उभा राहिला. मग म्हणाला, "सर, आमच्या वडिलांनीं माझ्या पहिल्या वर्षाच्या फीसाठीं हत्यारें विकलीं. वांकस तेवढी राहिली आहे." दुसऱ्या दिवशीं ती त्यानें आणून दिली. मला ती घ्यावीशी वाटली नाहीं, आणि परत करावीशीही वाटली नाहीं. अखेर ती वडिलांच्या नांवानें उसनी म्हणून ठेवून घेतली. दांड्यावर अंगठ्याच्या जागीं लांकूड झिजून खळगा पडलेला आहे. माझा अंगठा त्यांत बसत नाहीं.

पावसाळ्यानें पुढचा धडा दिला. आषाढांत लांकूड फुगून खण अडकले, करवतीवर चार दिवसांत गंज चढला. तेव्हांपासून हत्यारांना खोबरेल लावून कापडांत गुंडाळतों आणि फळ्या भिंतीपासून वीतभर दूर, मधें पट्ट्या घालून रचतों. मार्गशीर्षांत त्याच फळ्या आकसल्या. या हवेंत महिन्या-दोन महिन्यांची घाई उपयोगी नाहीं.

पहिली वस्तु म्हणून मीं पाट केला. मातोश्रींनीं तो देव्हाऱ्यापुढें मांडला आहे. खालची एक पट्टी थोडी आंखूड झाली असल्यामुळें तो डुगडुगतो. तिच्याखालीं त्यांनीं एक जुनें पोस्टकार्ड घडी करून ठेवलें आहे.