कोयत्याचे पाणी

मोरोपंतांचे देहावसान १७९४ साली बारामतीत झाले. त्याच वर्षी कंपनीच्या चाकरीत मुंबईला असलेल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी ‘वूट्झ’ नावाच्या हिंदुस्थानी पोलादाचे नमुने लंडनच्या सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. पहिली घटना आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहोत. कऱ्हाकाठच्या महाविद्यालयात मराठी शिकवायचे आणि मोरोपंतांना टाळायचे, हे शक्यच नाही. दुसरी घटना मात्र आम्हाला ठाऊकही नव्हती. ती शोधायला आम्हाला भाग पाडले ते एका विद्यार्थ्याने.

झाले असे की, ‘पाणीदार’ या शब्दाची चर्चा वर्गात चालू होती. मोत्याचे पाणी, माणसाचे पाणी, पाणी जोखणे, पाणी दाखवणे असे नेहमीचे वाक्प्रचार आम्ही फळ्यावर मांडले आणि या साऱ्यांचे मूळ ‘तेज’ या अर्थाशी नेऊन भिडवले. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, पाणी कोयत्याला देतात. जास्त झालं तर तुकडा उडतो.” त्याचे आईवडील बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळीबरोबर दरसाल इंदापूर तालुक्यात येत आणि पुढे भवानीनगरच्या बाजूला कायमचे राहिले. पाणी हा त्याच्या लेखी अलंकार नव्हता. ती एक क्रिया होती, आणि ती बिघडली तर दिवसाची मजुरी बुडत होती. त्या रविवारी आम्ही दोघे त्याच्याबरोबर एका लोहाराच्या भट्टीवर गेलो.

तेथे जे पाहिले ते थोडक्यात असे. पाते भट्टीत लाल होईपर्यंत तापवले जाते. त्याचे फक्त धारेचे अंग पाण्यात बुडवून लगेच बाहेर काढतात. तापलेल्या पोलादातील कर्ब लोहाच्या कणांत विरघळलेला असतो. एकाएकी थंड होताना त्याला बाहेर पडायला अवसर मिळत नाही, तो आतच अडकतो आणि पोलाद अतिशय कठीण, पण ठिसूळ होते. मात्र पात्याच्या पाठीत उष्णता शिल्लक असते. ती हळूहळू धारेकडे उतरू लागते. घासून पांढऱ्या केलेल्या धारेवर प्रथम गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा रंग चढत जातो. सुमारे सव्वादोनशे अंश सेल्सिअसला पिवळा, तीनशेच्या आसपास निळा. हवा तो रंग दिसला की अख्खे पाते पाण्यात जाते. लोहाराने आम्हाला एवढेच सांगितले, “पाणी जास्त झालं तर काच होतं, कमी झालं तर शिसं राहतं.” धातुशास्त्राच्या पुस्तकातील एक प्रकरण या वाक्यात मावते.

अभ्यासक पात्याच्या पोलादाकडून तीन गुणांची अपेक्षा करतात: चिवटपणा, म्हणजे घाव बसला तरी न तुटणे, धार टिकणे, आणि धार सहज लावता येणे. अडचण अशी की हे तीन गुण एका घरात गुण्यागोविंदाने नांदत नाहीत. पोलादात कर्ब वाढला की ते अधिक कठीण होऊ शकते. कर्बाचे प्रमाण पाऊण टक्क्याच्या पुढे गेले की जादा कर्ब लोहाशी संयोग पावून कठीण कणांच्या रूपाने वेगळा उरू शकतो. हे कण धार झिजू देत नाहीत. पण तेच धार लावताना आडवे येतात आणि तडा जायला वाटही करून देतात. म्हणून ‘सर्वोत्तम पोलाद कोणते’ हा प्रश्नच अपुरा आहे. कशासाठी, कोणाच्या हातात आणि धार कशावर लावायची, हे विचारल्याखेरीज त्याला उत्तर नाही.

मराठी भाषेने या इतिहासाच्या खुणा जपून ठेवल्या आहेत. संस्कृत रसशास्त्राने लोहाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे भेद केले. त्यातील ‘तीक्ष्ण’वरून जुन्या मराठीत पोलादाला ‘तिखे’ म्हणत. पुढे फारसीतून ‘पोलाद’ आले आणि तिखे मागे पडले. जिभेला लागणारे तेवढे तिखट उरले. फारसीतील ‘आब’ म्हणजे पाणी, आणि तलवारीच्या पात्यावरची झळाळीही. आपण ‘आब राखणे’ म्हणतो तेव्हा या दोन्ही अर्थांची सावली त्या शब्दावर असते. मराठी पाणी आणि फारसी आब यांचे असे एका पात्यावर भेटणे आम्हाला अर्थपूर्ण वाटते. आमच्या वर्गातील व्युत्पत्ती चुकीची नव्हती, अर्धी होती. तेज आम्ही सांगितले. त्या तेजामागचा चटका आणि बुडी आम्ही गाळली होती.

स्कॉट यांनी पाठविलेले वूट्झ हे दक्षिणेकडचे मुशीतले पोलाद. कन्नड ‘उक्कु’ या शब्दाचे ते इंग्रजी रूप मानले जाते. बंद मुशीत लोह आणि लाकूडफाटा-पाला वितळवून केलेल्या या पोलादात कर्ब साधारणतः सव्वा ते पावणेदोन टक्के असे. जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. पुढे मायकेल फॅरडे यांनीही १८१९ पासून काही वर्षे त्याचे गूढ उकलण्याचा प्रयत्न केला. युरोपातील लोहारांच्या हाती मात्र ते वारंवार फुटत असे. कारण इतक्या कर्बाचे पोलाद त्यांच्या सवयीच्या उष्णतेला ठोकले की भुसभुशीत होऊन तुटते. ते कमी आचेवर, धीराने ठोकावे लागते. ज्या तलवारींची कीर्ती जगभर गेली, त्यातील कित्येकींचा जन्म या मुशींतून झाला. तरीही निव्वळ गुणांचा विचार केला तर उसाच्या फडात वूट्झचे पाते फार काळ टिकले नसते, असेच म्हणावे लागेल. तलवारीच्या वाट्याला युद्धाचे काही प्रहर येतात. कोयत्याच्या वाट्याला सहा महिन्यांचा हंगाम.

आता त्या हंगामाकडे वळू. बारामती-इंदापूरचा हा टापू मूळचा अवर्षणाचा. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा झाला, भाटघरचे पाणी या बाजूला आले आणि ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. १९३० च्या दशकात कळंबजवळ वालचंदनगर वसले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले. ऊसही बदलला. जुना पुंड्या ऊस जाड, मऊ आणि रसाळ होता. त्याच्या जागी कोइमतूरच्या संकरित जाती आल्या. त्यांच्या वंशात रानटी काशाचे रक्त आहे. म्हणून त्या काटक, आणि कापायला अधिक चिवट. शिवाय उसाची पाने जमिनीतील सिलिका शोषून घेतात. पाचट हाताला कापते ते यामुळेच, आणि धारही त्यामुळेच झिजते.

कारखान्याला ऊस जमिनीलगत तोडलेला हवा असतो, कारण पक्व उसाच्या बुडख्याकडील कांड्यांत साखर सर्वाधिक असते. म्हणजे कोयत्याचा प्रत्येक खालचा घाव माती आणि खडे यांच्या शेजारी पडतो. एका जोडप्याची दिवसाची तोड दोन टन धरली आणि एका उसाचे वजन एक ते दीड किलो धरले, तर तेराशे ते दोन हजार ऊस होतात. प्रत्येकाला निदान दोन घाव, एक बुडख्याशी आणि एक वाढ्याशी. दिवसाचे अडीच ते चार हजार घाव! त्यातला एखादा दगडावर बसणारच. तेव्हा धार थोडी दुमडली तर कानशीने सरळ होते. तुकडा उडाला तर पाते पुन्हा भट्टीवर न्यावे लागते.

या परीक्षेत लोहाराने पसंत केलेले पोलाद म्हणजे ट्रकचा जुना कमानपाटा. मोटारवाहतूक वाढली तसा हा माल भंगारात मुबलक मिळू लागला. त्यात कर्ब अर्धा ते सहादशांश टक्क्याच्या आसपास, सोबत सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम. जन्मभर ओझ्याखाली वाकून पुन्हा सरळ व्हायचे, हाच त्याचा धर्म. त्यामुळे चिवटपणात तो उजवा. जुन्या कानशीत कर्ब एक टक्क्याहून अधिक असतो. तिची सुरी केली तर धार कितीतरी अधिक टिकते, पण दगडावर तिचा तुकडा उडतो. साधी लोखंडी पट्टी स्वस्त आणि न तुटणारी. मात्र कर्ब इतका कमी की पाणी धरतच नाही, धार तासाभरात बसते. स्वयंपाकघरातील स्टेनलेस, ज्याची सुरुवात १९१३ साली शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली यांच्या प्रयोगांतून झाली, त्यात तेरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असते. ते गंजत नाही. पण भात्याच्या भट्टीवर, रंग पाहून त्याला नीट पाणी देता येत नाही.

कमानपाट्याच्या बाजूने आणखी एक कारण आहे, आणि आमच्या मते तेच निर्णायक. ऊसतोड कामगाराजवळ धार लावायला असते ती कानस. कानशीपेक्षा पाते पुष्कळ मऊ असेल तरच ती त्याला लागते. नाहीतर नुसती घसरते. म्हणून लोहार मुद्दाम जांभळ्या-निळ्या रंगापर्यंत थांबतो, धारेचा थोडा टिकाऊपणा सोडून देतो आणि त्या बदल्यात बांधावर बसून दोन मिनिटांत धार करण्याची सोय पदरात पाडतो. बाजारातल्या महागड्या सुरीचा खरेदीदार नेमके उलटे मागतो. त्याला वेळ असतो. फडातल्या माणसाला नसतो.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ १९१५ साली लिहिला तेव्हा लोहार हा गावचा बलुतेदार होता. कुणब्याची अवजारे राखायची आणि सुगीला धान्य घ्यायचे, असा व्यवहार. परगावाहून येणारा ऊसतोड कामगार या व्यवहारात कधीच बसला नाही. त्याचा कोयता गावच्या लोहाराकडे किंवा पालातल्या घिसाड्याकडे जातो तो रोख पैशाने. आणि येथेच भाषेचा दुसरा, अधिक बोचरा पुरावा सापडतो. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ असतो. एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. उचल कोयत्यावर मिळते, खाडा कोयत्यावर पडतो. बाई पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. पण वहीत तिचे नाव नसते, अवजाराचा अर्धा भाग म्हणून ती असते. आमच्या विद्यार्थ्याला आम्ही विचारले, “तुमच्या घरी कोयते किती?” हत्यारे मोजून सांगेल असे आम्हाला वाटले होते. तो म्हणाला, “एक. आई आणि वडील.”

अलीकडे पुण्याच्या वृत्तपत्रांत ‘कोयता गँग’ हा शब्द रूढ झाला आहे आणि शहरी वाचकाला कोयता म्हटले की गुन्हाच आठवतो. दुसरीकडे फडात हार्वेस्टर यंत्रे उतरू लागली आहेत. त्यांच्या तळाशी फिरणारी पातीही मातीला, दगडाला भिडतात. चिवटपणा की धार, हा जुना पेच तेथेही सुटलेला नाही. फक्त त्या पात्यांना कोणी माणसाच्या हिशेबात धरत नाही.

आम्ही आता ‘पाणीदार’ शिकवताना आधी भट्टी सांगतो, मग मोती. मोरोपंतांच्या आर्यांवर त्याने अन्याय होत नाही, असे आम्हाला वाटते. तो विद्यार्थी यंदा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या वडिलांचा कोयता आम्ही हातात घेऊन पाहिला. मूठ बाभळीची, घामाने काळी पडलेली. पाते वर्षानुवर्षांच्या कानशीने निम्म्यावर आलेले. दुसरा का घेत नाही, असे विचारल्यावर ते म्हणाले, “याचं पाणी चांगलं लागलंय.”