वेग धरणारी कळ आणि वेग सोडणारा स्विच

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता एकमेकांना मिळतात. जुन्या क्रमांकांनी सांगायचे तर राष्ट्रीय महामार्ग ३ आणि ५०. मुंबईकडे निघालेल्या गाडीपुढे कसारा घाट असतो, धुळ्याकडे निघालेल्या गाडीपुढे चांदवडजवळचा राहूड घाट, पुण्याकडे निघालेल्या गाडीपुढे संगमनेरनंतरचा चंदनापुरी घाट. द्राक्षे, टोमॅटो, कांदा भरलेली गाडी घाटात अडकली तर माल सडतो, म्हणून ती आधीच तपासून घेतली जाते. या गरजेवर द्वारका, वडाळा नाका, मुंबई नाका या पट्ट्यातले गॅरेजवाले, स्पेअर पार्टवाले, टायरवाले आणि वायरमन पोसले गेले. २०१३ मध्ये शहरातला उड्डाणपूल सुरू झाला आणि लांबची वाहतूक चौकाच्या डोक्यावरून जाऊ लागली, तरी गाडी दाखवायला लोक खालीच उतरतात. या धंद्यातला सगळ्यांत कमी मान मिळालेला माणूस म्हणजे वायरमन, आणि त्याची सगळ्यांत अवघड परीक्षा म्हणजे कधी येणारा, कधी न येणारा दोष. जुन्या, हाताने गिअर टाकायच्या पिकअपचे क्रूझ कंट्रोल, म्हणजे पाय न लावता ठरवलेला वेग धरून ठेवणारे यंत्र, कधी लागते, कधी आपोआप सुटते, ही तक्रार त्या जातीची. माझे म्हणणे असे की या यंत्राचा इतिहास पाहिला तर हे सुटणे बहुतेक वेळा बिघाड नसतेच. यंत्र मिळालेला हुकूम पाळत असते. हुकूम तेवढा खोटा असतो.

वेग धरून ठेवण्याची विद्या मोटारगाडीपेक्षा बरीच जुनी आहे. पवनचक्क्यांत वापरली जाणारी फिरत्या गोळ्यांची युक्ती जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला लावली. इंजिन जोरात फिरले की गोळे बाहेर फेकले जातात आणि वाफेची झडप थोडी मिटते. मंदावले की गोळे खाली येतात आणि झडप उघडते. अशा गव्हर्नरांचे गणित जेम्स क्लर्क मॅक्सवेलने १८६८ च्या निबंधात मांडले. महाराष्ट्रातल्या खेड्यांत ही विद्या पुस्तकांतून आली नाही, विहिरीवरच्या डिझेल इंजिनातून आली. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झाली, आणि तिच्या इंजिनांवर पाणी उपसणाऱ्या शेतकऱ्याला गव्हर्नर हा शब्द क्रूझ कंट्रोलच्या कितीतरी आधी पाठ होता. नाशिकचे नाते याहून जवळचे. सातपूरला मायकोचा, म्हणजे आजच्या बॉशचा, डिझेल इंजेक्टर आणि नोझल बनवणारा कारखाना आला, आणि डिझेलचा पंप उघडून गव्हर्नरची स्प्रिंग बसवणारे कारागीर या शहरात तयार झाले. ट्रॅक्टरवरचा गव्हर्नर तर दर वेगाला लागू पडणारा असतो: हाताची दांडी एका जागी ठेवली की नांगर जड जमिनीत शिरला तरी इंजिनाचे फेरे फारसे पडत नाहीत. वेग धरण्याचा प्रश्न इथे केव्हाच सुटला होता.

मग रस्त्यावरच्या गाडीला निराळे यंत्र कशाला हवे होते? याचे उत्तर जीपमध्ये सापडते. महिंद्रांनी मुंबईत जी विलीज जीप बांधायला घेतली, तिच्या डॅशबोर्डवर हाताने ओढायची थ्रॉटलची कळ असे. अमेरिकेत १९४५ मध्ये निघालेल्या शेतीच्या जीपला तर हवा असल्यास गव्हर्नरही मिळे, जीपच्या इंजिनावर शेतातली यंत्रे चालवण्यासाठी. ही कळ ओढून ठेवली की पाय काढला तरी इंजिन फिरत राहते. शेतात हे सोयीचे आणि रस्त्यावर जीवघेणे, कारण ब्रेक दाबला तरी कळ ओढलेलीच राहते आणि क्लच दाबला तर भार सुटलेले इंजिन भणाणत वर जाते. कळीला सोडायचे कसे ते माहीत नाही. लहानपणी दृष्टी गेलेले अमेरिकी अभियंता राल्फ टीटर यांना १९५० मध्ये ज्या वेगरक्षकाचे पेटंट मिळाले आणि जो १९५८ च्या क्रायस्लर गाड्यांत बसला, त्यातले गोळे वॉटच्याच कुळातले होते. नवे होते ते ब्रेकला पाय लागताच पकड सुटण्याची व्यवस्था. पुढच्या चाळीस वर्षांत या यंत्रात भर मुख्यतः याच बाजूने पडली. ब्रेकच्या दिव्याचा स्विच, ब्रेकवरचाच दुसरा उलटा स्विच, थ्रॉटल ओढून धरणारी हवेची पोकळी (व्हॅक्यूम) फोडणारी झडप, गिअर हाताने टाकायचे असतील तर क्लचचा स्विच, ठरावीक वेगाखाली, साधारण ताशी ४० किलोमीटरच्या आसपास, यंत्र न लागण्याची अट. धरणारा भाग एकच राहिला आणि सोडायला सांगणारे वाढत गेले.

या वाढीला किंमत होती, आणि तिचा सर्वांत बोलका पुरावा फोर्डचा आहे. ब्रेकच्या तेलाच्या दाबावर चालणारा एक जादा स्विच फोर्डने कितीतरी गाड्यांत दिला, त्यात एफ-१५० ही पिकअपही होती. इतर सगळे चुकले तरी यंत्र सुटावे, हा त्याचा हेतू. त्या स्विचमध्ये वीज कायम खेळती होती. आतला पडदा झिजून ब्रेकचे तेल झिरपले की बंद करून उभी केलेली गाडीही पेट घेऊ शके. १९९९ ते २००९ या काळात त्यापायी दीड कोटीच्या घरात गाड्या परत बोलवाव्या लागल्या. सोडण्याची व्यवस्था दुय्यम मानणाऱ्याने एवढे उदाहरण पाहावे.

आता जुन्या पिकअपकडे वळू. क्रूझ सुटते तेव्हा मालकाचा पहिला संशय कंट्रोल युनिटवर, म्हणजे सर्वांत महाग वस्तूवर जातो. इतिहास उलट दिशेला बोट दाखवतो. क्लचच्या पेडलचा स्विच वर्षानुवर्षांच्या दाबांनी झिजतो, त्याला टेकणारे रबराचे बटण ठिसूळ होऊन पडते, पेडल वर येऊनही स्विच अर्धवट उघडा राहतो आणि खड्ड्याच्या एका धक्क्याने यंत्राला वाटते की क्लच दाबला. स्वयंचलित गिअरच्या गाडीत ही वाटच नाही, म्हणून तिची माहिती वाचून या गाडीचा दोष सापडत नाही. पोकळीवर चालणारे जुने यंत्र डिझेल गाडीत असेल तर आणखी एक धागा लागतो. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी पोकळी आपोआप तयार होत नाही. ती बहुधा अल्टरनेटरच्या पाठीवरचा छोटा पंप तयार करतो आणि ब्रेकचा बूस्टरही तीच वापरतो. नळीला चीर गेली की सपाटीवर वेग टिकतो, चढावर ढळतो. काही जुन्या अमेरिकी पिकअपांत तर कंट्रोल युनिट ब्रेकच्या दिव्याच्या तारेतून अर्थिंग शोधते. बल्ब उडाले किंवा हौसेने एलईडी बसवले की क्रूझ लागेनासे होते. क्रूझबरोबर हॉर्नही दगा देत असेल तर स्टिअरिंगमागची गुंडाळलेली पट्टी पाहावी. आणि क्रूझ सुटताना वेगाचा काटाही थरथरत असेल तर गिअरबॉक्सवरचा सेन्सर किंवा त्याचा गंजलेला जोड. या सगळ्यांत समान गोष्ट एकच: दोष इशाऱ्याच्या वाटेवर आहे, मेंदूत नाही. ही वाट पायरीपायरीने तपासणे, टेस्ट लॅम्प लावून तार हलवत जाणे, इंजिन गरम झाल्यावर पुन्हा बघणे, हे वायरमनचे खरे काम.

यावर आक्षेप येतो की हे सारे आता स्कॅनर सांगतो. स्कॅनर खूप काही सांगतो, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पेडलचा स्विच या क्षणी उघडा आहे की मिटलेला, हे तो पडद्यावर थेट दाखवू शकतो आणि चालत्या गाडीत ते पाहणे फार मोलाचे आहे. पण यंत्राच्या दृष्टीने क्लच दाबला गेला ही घटना नेहमीची आहे, दोष नाही, म्हणून तिचा कोड बहुधा नोंदला जात नाही. पडद्यावर दोष नाही असे आले आणि गाडी परत गेली, असे घडते ते यामुळे. स्कॅनरला काय विचारायचे हे ज्याला कळते त्याच्याच हाती तो उपयोगी पडतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. द्वारकेला येणाऱ्या बहुतांश पिकअपांना क्रूझ कंट्रोल नसतेच. नाशिकमध्येच तयार होऊ लागलेल्या स्कॉर्पिओच्या वरच्या मॉडेलांत ते आले, तिच्या सांगाड्यावरची पिकअप ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत विकली गेली, पण इथल्या मालवाहू गाडीचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, कारण मालवाहू गाडीत त्याचाच भाऊबंद बसला आहे. २०१५ च्या नियमबदलानंतर नव्या मालवाहू वाहनांना ताशी ८० किलोमीटरवर वेग रोखणारे यंत्र लागू झाले. क्रूझ वेग खाली पडू देत नाही, हे वर चढू देत नाही; दोघांनाही वेग कळतो तो सेन्सरच्या इशाऱ्यावरून. गाडी मधूनच ५० वर अडखळते, ही तक्रार आणि क्रूझ मधूनच सुटते, ही तक्रार तपासायची रीत एकच. शिवाय २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्यापासून इगतपुरीच्या बाजूने एकसारखा वेग धरता येईल असा लांब रस्ता नाशिककरांच्या दाराशी आला आहे. जुन्या गाडीतले कधी न वापरलेले बटण दाबून बघण्याची वेळ अनेकांवर आता येणार.

वायरमनच्या बाजूने इतके बोलल्यावर त्याच्याविरुद्धचे एक म्हणणे मान्य केलेच पाहिजे. क्लचचा स्विच सारखा दगा देतो म्हणून त्याच्या दोन तारा एकत्र पिळून टेप गुंडाळून देण्याची रीत आहे. क्रूझ लागते, सुटत नाही, गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पण त्या दोन तारांच्या पिळाने गाडी पुन्हा जीपच्या हातकळीपाशी नेऊन ठेवलेली असते: क्लच दाबला की यंत्र पडणारा वेग सावरायला इंजिन आणखी रेटते. नवा स्विच कंट्रोल युनिटच्या किमतीच्या तुलनेत किरकोळ असतो. आणि दुरुस्ती झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर क्रूझ लावून आधी क्लचला, मग पुन्हा लावून ब्रेकला हलका पाय लावून पाहावा. दोन्ही वेळा ते तत्क्षणी सुटले तरच गाडी मालकाच्या ताब्यात द्यावी.