अंड्यावरची अक्षरे

युक्रेनमध्ये ईस्टरचे अंडे रंगवत नाहीत, लिहितात. 'पिसांका' हे त्या अंड्याचे नाव 'लिहिणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आले आहे. काडीच्या टोकाला बसविलेल्या इवल्याशा नरसाळ्यात मेण वितळवायचे, त्या धारेने पांढऱ्या कवचावर रेघ ओढायची आणि अंडे पिवळ्या रंगात बुडवायचे. मेणाखालची रेघ पांढरीच राहते. पुन्हा मेण, मग तांबडा रंग. पुन्हा मेण, मग काळा. अखेरीस ज्योतीशी धरून मेण पुसून काढले, की इतका वेळ झाकलेले सारे एकदम वाचता येते. घरोघर आईकडून मुलीकडे आलेल्या या कलेची नोंद २०२४ साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशात केली.

तंत्र बाटिकचेच. मला अडवले ते क्रियापदाने. आपल्याकडे वारली सवाशिणीही लग्नाचा चौक काढत नाहीत, 'लिहितात'.

मुंबईच्या उपनगरांतील ख्रिस्ती घरांत मात्र मेणाचे काम वेगळे. वांद्र्याच्या मोतमाउलीला नवस फेडताना मेणाचे हात, पाय, घर वाहतात. ईस्टरचे अंडे मरोळ, गोराई, कुर्ला येथील ईस्ट इंडियन कुटुंबांत मार्झिपानचे असते. काजूची बारीक पूड, साखर, गुलाबपाणी आणि अंड्याचा पांढरा भाग मंद आचेवर घोटत राहायचे. गोळा कडेने सुटू लागला की साच्यात दाबून दोन अर्धुके करायची आणि ती जोडायची. मग मेंदीच्या कोनासारख्या कागदी कोनातून आयसिंगची फुले, वेली आणि अक्षरे. हे आयसिंग म्हणजे तरी काय? पिठीसाखर आणि पुन्हा अंड्याचा पांढरा भागच. तिकडे अंडे हा कागद आणि मेण ही लेखणी. इकडे अंडे स्वतःच शाई झाले आहे.

याला युरोपची नक्कल म्हणून बाजूस सारणाऱ्यांनी त्यातला काजू पाहावा. मूळ मार्झिपान बदामाचे. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणले आणि त्याचे नावही आपण त्यांच्याच भाषेतून घेतले. साष्टी १५३४ पासून अठराव्या शतकापर्यंत त्यांच्या ताब्यात होती. अंधेरीला सीप्झच्या आवारात १५७९ सालच्या चर्चचे अवशेष अजून उभे आहेत. अंड्याचा मान त्याहून जुना आहे. मध्ययुगीन युरोपात ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात अंडी वर्ज्य असत. कोंबड्या काही उपवास पाळत नाहीत, तेव्हा सणाला अंड्यांचा सुकाळ होई. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डच्या १२९० सालच्या हिशेबात सजविण्यासाठी घेतलेल्या ४५० अंड्यांचे अठरा पेन्स मांडलेले आहेत.

मला खटकते ते अंड्यावरचे लेखन. मी पाहिलेल्या प्रत्येक अंड्यावर 'हॅपी ईस्टर' असते आणि तेही रोमन लिपीत. घरातील बोली मराठी, भांडण मराठीत, लग्नातली गाणी मराठी. परंतु गोवा-मंगळुराहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण दाखवण्यासाठी या समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, 'ईस्ट इंडियन' हे इंग्रजी नाव घेतले, आणि नावाबरोबर लिपीचा मानही तिकडे झुकला. आपणही फार ताठ मानेने बोलू नये. एम.ए.च्या वर्गात आपण ज्याचा अभिमान बाळगतो ते फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले ते रोमन अक्षरांतच. देवनागरीत ते १९५६ साली आले. मधली तीनशे चाळीस वर्षे आपल्याला त्याची घाई नव्हती.

काही वर्षांपूर्वी मरोळ गावठाणातील एका विद्यार्थिनीने विभागात असे अंडे आणले. यावर मराठीत का लिहीत नाही, असे मी विचारले. ती हसून म्हणाली, "सर, आजी म्हणते कोनातून शिरोरेघ सरळ येत नाही, आणि जोडाक्षर तर फुटतंच." हे उत्तर मला कोणत्याही भाषाविषयक परिसंवादापेक्षा प्रामाणिक वाटले. पुढच्या ईस्टरला तिने स्वतः कोन धरला. 'पुनरुत्थान' अर्ध्यावरच पसरले, म्हणून तिने ते सुरीने खरवडून काढले आणि त्या जागी नुसते 'आजी' लिहिले. 'ज'ची वेलांटी वेलीत शिरली होती, पण वाचता येत होते.