दुष्काळातील दिलासा

सोलापूरहून तुळजापूरला निघाले की वाटेत तामलवाडी लागते. कोजागरीच्या सुमारास या रस्त्याला भक्तांची रीघ लागते. देवीचे नाव घेत रात्रभर चालणाऱ्या त्या माणसांपैकी कोणाच्या घरी दुखणे असते, कोणाला पावसाने दगा दिलेला असतो. ते देवीशी बोलतात ते आपल्या रोजच्या भाषेत, आणि त्या बोलण्यानेच मन निम्मे हलके होते. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि सोलापूर इंग्रजांकडे. मध्ये राज्याची सरहद्द होती खरी, पण १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी ती कधी जुमानली नाही.

संकटात माणूस पोथीचा आधार शोधतो. पण पोथीतली भाषाच कळत नसेल तर तो आधार त्याच्यापर्यंत पोहोचणार कसा? या प्रश्नापायी महाराष्ट्रातील एका विदुषीने आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. ती म्हणजे पंडिता रमाबाई.

दुष्काळाची ओळख रमाबाईंना पुस्तकांतून झाली नव्हती. १८५८ साली जन्मलेली ही मुलगी वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर तीर्थोतीर्थी फिरत पुराणे सांगे. १८७४ मध्ये, मद्रास इलाख्यातील दुष्काळात, आईवडील गेले, आणि त्यांच्या पाठोपाठ थोरली बहीण. सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास यांनी त्यानंतर सुमारे दोन हजार कोस पायपीट केली. कलकत्त्याच्या पंडितांनी तिला १८७८ साली ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. पण पुढे चार वर्षांच्या आत भाऊ गेला आणि पती बिपिनबिहारी मेधावीही गेले. हाती उरली ती तान्ही मनोरमा.

आसामात सिल्चर येथे असताना लूकच्या शुभवर्तमानाचे एक बंगाली पुस्तक त्यांच्या हाती पडले होते. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी पतित म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा तेथील भगिनी करीत, ती त्यांनी पाहिली; आणि विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीशी ख्रिस्ताने केलेले संभाषण योहानाच्या चौथ्या अध्यायात वाचले. टाकलेल्या बाईशी देव बोलतो, ही गोष्ट त्यांच्या मनाला भिडली. तरी खरी शांती लगेच लाभली नाही. धर्म मिळाला, पण ख्रिस्त सापडला तो आठएक वर्षांनंतर, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. दिलाशासाठी त्यांनाही वाट पाहावी लागली, हे विसरून चालणार नाही.

१८८९ साली त्यांनी मुंबईत शारदासदन काढले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले. रानडे आणि भांडारकर यांनीही संस्थेशी असलेला संबंध सोडला. मग १८९६ चा दुष्काळ आला. आईवडिलांना गिळणारे ते दृश्य पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहिले, आणि रमाबाई मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली व विधवा घेऊन आल्या. त्यांची संख्या तीनशेच्या घरात होती. पुण्यात तेव्हा प्लेग होता, म्हणून केडगावच्या माळावर त्यांची सोय झाली. तेच पुढे मुक्तिसदन झाले.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. भुकेल्या मुलीने जो धर्म पत्करला तो तिने निवडला म्हणावा काय? त्या काळी हा आक्षेप घेतला गेला, आणि तो निव्वळ मत्सराचा नव्हता. पण त्या मुलींना उचलून आणायला दुसरे कितीजण गेले, हेही आक्षेप घेणाऱ्याने स्वतःला विचारले पाहिजे.

या बायकांच्या हाती जो बायबल ग्रंथ द्यायचा, त्याची मराठी भाषांतरे नव्हती असे नाही. विल्यम केरी यांनी श्रीरामपूरहून १८११ सालीच नवा करार मराठीत छापला होता. पण प्रचलित भाषांतराची पंडिती भाषा खेड्यातून आलेल्या बाईच्या कानावरून निघून जाते, हे रमाबाईंनी पाहिले. स्वतः संस्कृत पुराणे सांगितलेली ही बाई श्रोत्याला काय समजते आणि काय समजत नाही हे नेमके जाणत होती. म्हणून उतारवयाकडे झुकताना त्यांनी इब्री आणि ग्रीक या भाषा शिकून मुळावरून भाषांतरास हात घातला. स्तोत्रसंहितेत केवळ स्तुती नाही. देवाला ‘कुठे गेलास’ म्हणून विचारणारी गाऱ्हाणीही तिच्यात पुष्कळ आहेत. यरुशलेमच्या नाशानंतरचे विलाप आहेत, तुरुंगातून लिहिलेली पौलाची पत्रे आहेत. दुःख लपवू नये, ते बोलावे, हा या ग्रंथाचा धर्म. आणि तो बोलायला आपली भाषा लागते.

काम सुमारे अठरा वर्षे चालले. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. जिच्या हाती संस्था सोपवायची तीच आईच्या आधी गेली. तरी लेखणी थांबली नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला, त्याच्या थोडे आधी भाषांतर पुरे झाले होते. केडगावच्याच छापखान्यात बायकांनी खिळे जुळवून तो ग्रंथ छापला. १९२४ साली तो बाहेर आला.

विद्वानांनी त्याला फार उचलून धरले नाही. शब्दाला शब्द ठेवण्याच्या निष्ठेमुळे भाषा जागोजाग अडखळते, आणि मंडळ्यांत चालला तो दुसराच तर्जुमा. हिशेब केला तर हे अपयशच ठरावे. पण दुष्काळातून उचलून आणलेल्या बाईने पुढे एक दिवस त्याच ग्रंथाची पाने जुळवावीत, याचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा?

तामलवाडीवरून जाणारा भक्त आणि केडगावची ती खिळे जुळवणारी बाई यांचे दैवत वेगळे. पण गाऱ्हाणे आपल्या बोलीत मांडले की ओझे निम्मे होते, हे दोघांनाही ठाऊक असावे.